दुरुस्तीआधी यंत्राला कुलूप : लहान कारखान्यात लॉकआउट कसे अमलात आणावे

उत्पादन चालू असताना यंत्राला जाळी असते, गार्ड असतो, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बटणे असतात. ऑपरेटरचा हात धोक्याच्या जागेपासून लांब राहावा यासाठी काही ना काही सोय केलेली असते. दुरुस्तीच्या वेळी यातील बहुतेक सोयी काढाव्याच लागतात. फिटर गार्ड उतरवतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो, कधी संपूर्ण शरीर यंत्राच्या चौकटीत नेतो, आणि त्या वेळी त्याचा जीव एकाच गोष्टीवर अवलंबून असतो : यंत्र सुरू होता कामा नये. ही खात्री केवळ स्विच बंद करून मिळत नाही, कारण स्विच बंद करणारा आणि नंतर पॅनेलपाशी येणारा ही दोन वेगळी माणसे असतात. नंतर येणाऱ्याला यंत्राच्या पोटात शिरलेला माणूस दिसत नाही, त्याला फक्त थांबलेले यंत्र आणि रखडलेले काम दिसते.

कॅलिफोर्नियातील टूना मासळीच्या एका कारखान्यात 2012 साली नेमके असेच घडले. एक कामगार मासे शिजवण्याच्या लांबलचक भट्टीत शिरला होता. तो दिसेना तेव्हा तो स्वच्छतागृहात गेला असावा असे सहकाऱ्यांना वाटले. त्यांनी भट्टीत माल भरला, दार लावले आणि ती सुरू केली. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. आत जाणाऱ्याने भट्टीच्या वीजपुरवठ्यावर स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली असती, तर ती सुरू करणे कोणालाही शक्य झाले नसते.

लॉकआउट म्हणजे एवढेच : ज्याचा हात यंत्रात जाणार आहे, त्याने यंत्राला ऊर्जा पोहोचवणारी प्रत्येक वाट स्वतःच्या कुलपाने बंद करायची आणि काम संपेपर्यंत किल्ली दुसऱ्या कोणाच्याही हाती द्यायची नाही. कुलपासोबत लावलेली पाटी, म्हणजे टॅग, हे कुलूप कोणाचे आहे आणि कशासाठी आहे हे सांगते. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 24 मध्ये 1976 साली असे पोटकलम घालण्यात आले की, वीज तोडणारे साधन चुकून बंदवरून चालूवर जाण्याजोगे असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असलीच पाहिजे. अमेरिकेतील ओशा या संस्थेचा लॉकआउटचा सविस्तर नियम त्यानंतर, 1989 साली आला. तेव्हा हे परदेशी कंपन्यांचे खूळ आहे, असे म्हणण्यास काही आधार नाही.

इमर्जन्सी स्टॉपवर विसंबू नये

कार्यपद्धतीकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो अनुभवी माणसांतही आढळतो. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबले म्हणजे यंत्राची वीज तुटली, असे अनेकांना वाटते. ते बटण बहुधा केवळ कंट्रोल सर्किट तोडते. पॉवर सर्किट कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचच्या, वरच्या बाजूपर्यंत जिवंतच राहते, आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतील तर त्याच्या खालच्या बाजूलाही वीज असू शकते. शिवाय ते बटण फिरवून मोकळे करण्यास कोणालाही क्षणभर पुरतो. हीच गोष्ट सिलेक्टर स्विच, ड्राइव्हवरचे स्टॉपचे बटण, पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावरील आज्ञा आणि गार्डवरचा लिमिट स्विच यांना लागू पडते. यंत्र थांबवण्यासाठी ही साधने उत्तम आहेत, मात्र माणसाने आत हात घालण्यासाठी ती पुरेशी नाहीत. त्यासाठी मुख्य आयसोलेटर (यंत्राचा संपूर्ण वीजपुरवठा तोडणारा स्विच) किंवा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) बंद करून त्यावर कुलूप लावावे लागते.

वीज गेली आहे म्हणून हाती घेतलेली दुरुस्ती हा याच गैरसमजाचा दुसरा अवतार आहे. पुणे-पिंपरी परिसरातील अनेक कारखान्यांत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि मोठ्या दुरुस्त्या त्या दिवशी काढल्या जातात. अशा वेळी महावितरणचा पुरवठा खंडित असेल तर कुलूप लावण्याची तसदी घेतली जात नाही. पुरवठा केव्हा परत येईल हे फिटरच्या हाती नसते आणि जनरेटर आपोआप सुरू होणारा असेल तर तो कोणाला विचारून सुरू होत नाही. यंत्राच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट संरक्षण, म्हणजे वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ न देणारी सोय, नसेल, किंवा कोणी तार जोडून ते निकामी केले असेल, तर वीज येताच मोटर फिरू लागते. वीज नसतानाही आयसोलेटर बंद करून कुलूप लावले पाहिजे.

आधी ऊर्जेच्या वाटा शोधाव्यात

प्रत्येक यंत्रासाठी एक पानी तक्ता तयार करावा आणि तो यंत्राजवळ लावावा. तक्ता करण्याचे काम कार्यालयात बसून होत नाही. वायरमन, फिटर आणि त्या यंत्राचा जुना ऑपरेटर या तिघांनी यंत्राभोवती फिरून ते करावे, कारण कोणत्या पॅनेलमधून कोणती केबल आली आहे हे वायरमनला ठाऊक असते, तर बंद केल्यावर कोणता भाग सावकाश खाली येतो हे ऑपरेटरने रोज पाहिलेले असते.

आपल्याकडील शेकडो छोट्या कारखान्यांत दिसणारी मेकॅनिकल पॉवर प्रेस उदाहरणासाठी घेऊ. तिच्या तक्त्यात पहिली नोंद विजेची : मुख्य आयसोलेटर कोणत्या पॅनेलमध्ये, कोणत्या क्रमांकाचा, आणि फीडर किंवा डिकॉयलर यांसारख्या जोड-यंत्रांना दुसरीकडून पुरवठा आहे का. दुसरी नोंद फ्लायव्हीलची. मोटर बंद झाल्यावरही ते जड चाक काही मिनिटे फिरत राहते आणि त्या अवधीत क्लच लागला तर प्रेस पूर्ण ताकदीचा एक ठोका मारू शकते; बोटे तुटण्यास एक ठोका पुरतो. तिसरी नोंद रॅमची, म्हणजे वर-खाली होऊन ठोका मारणाऱ्या भागाची. रॅम आणि वरची डाय (साचा) यांचे वजन वर लटकलेले असते, ब्रेक सैल असेल किंवा दुरुस्तीसाठी सोडवला असेल तर ते खाली येते. चौथी नोंद हवेची : क्लच, काउंटरबॅलन्स सिलिंडर आणि डाय कुशन यांत साठलेली दाबाची हवा कॉम्प्रेसर बंद केला म्हणून निघून जात नाही. पाचवी नोंद स्प्रिंगची. एका साध्या प्रेसमध्ये पाच प्रकारची ऊर्जा आहे आणि स्विच त्यातील एकाच प्रकाराला हात लावतो.

हवेला कमी लेखण्याची सवय घातक आहे. 50 मिलिमीटर बोरचा साधा न्यूमॅटिक सिलिंडर 6 बार दाबावर सुमारे 120 किलोचा जोर लावतो, तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. म्हणून हवेच्या लाइनवर असा व्हॉल्व्ह बसवावा, जो बंद केला असता पुढच्या बाजूची हवा बाहेर सोडतो आणि ज्याला कुलूप लावता येते. हायड्रॉलिक यंत्रात पंप बंद झाला तरी दाबाखालचे तेल साठवणाऱ्या अक्युम्युलेटरमध्ये दाब राहतो; तो टाकीत सोडून गेज शून्यावर आल्याचे पाहावे आणि वर उचललेला भाग लोखंडी टेकूवर घ्यावा. तेलाची गळती हात फिरवून कधीही शोधू नये, कारण बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते.

साखर कारखान्यात गळीत हंगाम संपल्यावर जी मोठी दुरुस्ती निघते, तिथे वाफेचा प्रश्न वेगळा असतो. जुना व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी तो पास होतो, म्हणजे त्यातून थोडी वाफ पुढे जात राहते. एकाच व्हॉल्व्हवर कुलूप लावून माणूस आत पाठवणे तिथे चुकीचे ठरते. दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवावा किंवा फ्लॅंजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, वाट पूर्ण अडवणारी ब्लॅंक प्लेट घालावी. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडांचा, चढावाचा कन्व्हेयर मोटर बंद केल्यावर मालाच्या वजनाने मागे सरकू शकतो, म्हणून तो रिकामा करावा किंवा यांत्रिकरीत्या अडकवावा.

कुलूप, हास्प आणि टॅग

लॉकआउटसाठीची खास कुलपे बाजारात मिळतात, आणि शक्य असेल तर तीच घ्यावीत. साधी कुलपे घेतल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. एकाच बनावटीच्या स्वस्त कुलपांपैकी काहींच्या किल्ल्या एकमेकांना लागतात. प्रत्येक किल्ली इतर सर्व कुलपांत घालून पाहावी आणि उघडणारे कुलूप बाद करावे. कुलपासोबत आलेल्या जादा किल्ल्या स्टोअरमध्ये किंवा सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नयेत, नष्ट कराव्यात. लॉकआउटचे कुलूप कपाटाला किंवा टूलबॉक्सला लावू नये; त्याचा रंग ठरलेला असावा, म्हणजे ते दिसताच आत माणूस आहे हे सर्वांना कळेल.

एका यंत्रावर चार जण काम करणार असतील तर कुलपेही चार लागतात. त्यासाठी हास्प, म्हणजे अनेक कुलपे अडकवता येणारी कडी, वापरतात. शेवटचे कुलूप निघेपर्यंत ती उघडत नाही. एकाने सर्वांच्या वतीने कुलूप लावण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. ज्याचे काम संपले तो कुलूप काढून जातो, आणि त्या वेळी मागच्या बाजूला वाकून ग्रीस भरणारा हेल्पर त्याच्या हिशेबात नसतो. हेल्परला आणि कंत्राटदाराच्या माणसालाही स्वतःचे कुलूप मिळाले पाहिजे; कुलपांच्या वाटपात कायम आणि कंत्राटी असा भेद करणे माणुसकीला धरून नाही.

टॅगवर नाव, विभाग, मोबाइल क्रमांक, तारीख, वेळ आणि कामाचे स्वरूप लिहावे. शक्य असल्यास छायाचित्र लावावे. मजकूर मराठीत आणि हिंदीत असावा, कारण चाकण, भोसरी, वाळूज येथील कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ठरलेला रंग आणि छायाचित्र बोलते. नुसता टॅग मात्र कुलपाची जागा घेऊ शकत नाही, कारण तो कोणीही बाजूला सारू शकतो.

जुन्या शेडमध्ये कुलूप लावता येईल असा आयसोलेटरच नसतो, ही खरी अडचण आहे. एमसीसीबीवर चढवायची क्लॅम्प-पट्टी मिळते, ती वापरावी. किटकॅट फ्यूज असतील तर मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून तिन्ही फ्यूज काढून घ्यावेत आणि ते काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवून पॅनेलच्या दाराला कुलूप लावावे. एखाद्याकडे सुटा फ्यूज किंवा तार असू शकते, म्हणून हा उपाय तात्पुरता आहे. पुढच्या खरेदीत कुलूप लावता येणारा आयसोलेटरच घ्यावा.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी त्या यंत्राच्या ऑपरेटरला, शेजारच्या ऑपरेटरांना आणि शिफ्टच्या सुपरवायझरला सांगावे. यंत्र नेहमीच्या बटणाने थांबवावे. चालू भारावर थेट आयसोलेटर ओढू नये, त्यामुळे ठिणगीचा धोका असतो आणि स्विचही खराब होतो. मग आयसोलेटर बंद करावा, हवेचा व्हॉल्व्ह बंद करावा, प्रत्येक ठिकाणी आपले कुलूप आणि टॅग लावावा. त्यानंतर साठलेली ऊर्जा सोडावी : फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, हवा आणि तेलाचा दाब उतरवावा. रॅम अगदी खाली आणून काम होत असेल तर यंत्र थांबवण्यापूर्वीच तो खाली आणावा. वर ठेवणे भाग असेल तर डाय ब्लॉक लावावा. डाय ब्लॉक हा रॅम आणि डाय यांचे वजन पेलण्यासाठी असतो. प्रेसचा पूर्ण ठोका सोसण्यासाठी तो बनवलेला नसतो, म्हणून तो वीज तोडून कुलूप लावल्यानंतरच आत ठेवावा.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि माझ्या मते संपूर्ण पद्धतीत तीच सर्वांत मोलाची आहे. यंत्र खरोखर निर्जीव झाले आहे हे करून पाहिले पाहिजे. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून स्टार्टचे बटण दाबावे. यंत्र सुरू होता कामा नये. बटण पुन्हा बंद स्थितीत आणावे. चुकीचा आयसोलेटर बंद केला असेल, पॅनेलवरचे नाव जुन्या यंत्राचे असेल, किंवा बदल करताना केबल दुसरीकडे जोडली गेली असेल, तर ते इथेच उघड होते. मात्र बटणाला प्रतिसाद न मिळणे हा वीज नसल्याचा पुरावा होत नाही, कारण एखादा इंटरलॉक (सुरक्षेसाठी यंत्र अडवून धरणारा स्विच) उघडा असला तरी यंत्र सुरू होत नाही. वायरिंगला हात लागणार असेल तर वायरमनने मीटरने तपासावे : आधी मीटर चालू वीज असलेल्या ठिकाणी लावून तो नीट दाखवतो हे पाहावे, मग आपल्या टर्मिनलवर तिन्ही फेजमध्ये आणि प्रत्येक फेज ते अर्थ असे मोजावे, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी लावून मीटर मधल्या वेळात बिघडला नाही याची खात्री करावी. खिशातल्या निऑन टेस्टरवर या कामासाठी विसंबू नये.

व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, असलेल्या यंत्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतील कपॅसिटरमध्ये जवळपास 585 व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि आयसोलेटर बंद केल्यावर ते हळूहळू उतरतात. ड्राइव्हवर जितकी मिनिटे थांबण्याची सूचना छापलेली असेल तितका वेळ थांबून, मग डीसी टर्मिनलवर मोजूनच झाकण उघडावे.

दोन मिनिटांचे काम

मोठ्या ओव्हरहॉलिंगच्या वेळी सर्व जण सावध असतात. जाम झालेला तुकडा काढणे, सेन्सरवरची धूळ पुसणे, रोलरला चिकटलेला माल खरवडणे, अशी कामे ऑपरेटर उत्पादन थांबू नये म्हणून स्वतःच उरकतो आणि त्याला कुलपाची आठवणही होत नाही. सेन्सर पुसताच पीएलसीला अडथळा दूर झाल्याचा संकेत मिळतो आणि अर्धवट राहिलेली सायकल पुढे सरकते. यंत्राने आज्ञेप्रमाणेच काम केलेले असते. नियम सोपा ठेवावा : गार्ड उघडून किंवा ओलांडून शरीराचा कोणताही भाग आत जाणार असेल, तर काम दोन मिनिटांचे असो वा दोन दिवसांचे, कुलूप लागलेच पाहिजे. दिवसातून अनेकदा जाम होणाऱ्या यंत्रावर हा नियम टिकत नाही, हे मान्य आहे. तिथे जाम होण्याचे कारण शोधून ते दूर करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे.

दुरुस्तीच्या मध्येच यंत्र थोडे फिरवून पाहावे लागते तेव्हाही पद्धत सोडू नये. सर्वांना बाहेर काढावे, हत्यारे गोळा करावीत, प्रत्येकाने आपले कुलूप काढावे, मगच वीज देऊन यंत्र फिरवावे. आणि पुन्हा आत जाण्यापूर्वी तपासणीसह संपूर्ण क्रम नव्याने करावा.

शिफ्ट बदलताना

ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायू फलाटावर 6 जुलै 1988 च्या रात्री जो स्फोट झाला, त्यात 167 माणसे मृत्युमुखी पडली. तेथील एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी नुसती झाकण-प्लेट बसवली होती. व्हॉल्व्ह काढल्याची माहिती दिवसपाळीकडून रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच पंप सुरू केला आणि त्या प्लेटपाशी वायू बाहेर पडला. परवाना पद्धत तिथे होती, कागदही होते. उणीव होती ती शिफ्ट बदलताना ती माहिती नेमक्या माणसांच्या हाती देण्याची.

म्हणून काम पुढच्या शिफ्टकडे जाणार असेल तर दोन्ही शिफ्टचे फिटर यंत्रापाशी समोरासमोर भेटावेत, काय उघडे आहे आणि काय काढले आहे ते हाताने दाखवावे, येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावावे आणि त्यानंतरच जाणाऱ्याने आपले काढावे. एक क्षणही यंत्र कुलपाविना राहू नये. नव्या माणसाने आधीच्या तपासणीवर न विसंबता स्टार्टचे बटण स्वतः दाबून पाहावे. वहीत लिहिलेली नोंद आवश्यक आहे, तथापि ती या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

यंत्र पुन्हा सुरू करताना आणि हरवलेल्या माणसाचे कुलूप

काम संपल्यावर हत्यारे मोजून घ्यावीत, डाय ब्लॉक आणि टेकू काढावेत, गार्ड बसवावेत, माणसे मोजून बाहेर आल्याची खात्री करावी आणि मग ज्याचे त्याने कुलूप काढावे. हवा देताना व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, कारण दाब एकदम आला तर सिलिंडर झटक्याने धावतात.

कधी कधी एखादा फिटर कुलूप तसेच ठेवून घरी निघून जातो आणि उत्पादन अडते. अशा वेळी ग्राइंडर घेऊन कुलूप कापण्याची घाई होते. कुलूप कापण्याचा अधिकार एकाच ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला असावा आणि तिने आधी तो माणूस कारखान्यात नाही याची खात्री करावी : हजेरी पाहावी, फोन लावावा, लागला नाही तर कॅन्टीन, स्वच्छतागृह आणि यंत्राच्या आतील प्रत्येक जागा स्वतः जाऊन पाहावी. यंत्र माणसांपासून मोकळे आहे आणि सुरू करण्याजोग्या स्थितीत आहे हे पाहून मगच कुलूप कापावे, आणि कोणाचे कुलूप, कोणी, किती वाजता, कोणासमक्ष कापले याची नोंद सह्यांनिशी रजिस्टरमध्ये करावी. तो फिटर दुसऱ्या दिवशी कामाला हात लावण्यापूर्वी त्याला ही गोष्ट सांगितली गेलीच पाहिजे, नाहीतर आपले कुलूप अजून जागेवर आहे अशा समजुतीने तो थेट यंत्रात हात घालील.